व्यक्तिशः ओळखते

सर्व्हर डाऊन झाला की आमच्याकडे दोनच गोष्टी होतात. लोक चहाला जातात आणि मला झोप येते. हसू नका. बावीस वर्षं झाली, दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, काय म्हणाल तो दस्त लिहून देते. आधी मालक, म्हणजे माझे यजमान, लिहायचे, ते गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले. गोदाकाकू कुठं बसतात म्हणून विचारा, बसस्टँडपासून कुणीही बोट दाखवेल.

पण आज झोपायचं नाही असं मी ठरवलंय. ड्रॉवरमध्ये कोर्टाचं समन्स आहे आणि तीन वाजता मला साक्षीला उभं राहायचंय. कोर्ट लांब नाही, याच आवारात, कडुलिंबाच्या पलीकडं. चाळीस पावलं असतील. सकाळपासून ती चाळीस पावलं मी मनातल्या मनात शंभरदा मोजलीत.

झालं काय, ते आधी सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी मुंजाजी आणि भानुदास लोखंडे हे दोघे भाऊ बहिणीला घेऊन हक्कसोड करायला आले. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावांच्या नावे सोडून द्यायचा. संक्रांतीच्या आसपास अशा बहिणी रोज येतात, नवी साडी नेसून. ही पण आली, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. कागद मीच लिहिला. सागरबाई भ्रतार केरबा घुगे, वय अठ्ठावन्न, धंदा शेती व घरकाम. भाऊ म्हणाले, तिला सही येत नाही. मी लिहिलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

आता दस्त करून देणाऱ्याची ओळख पटवायला दोन माणसं लागतात. एक त्यांनी आणला होता, कुठलासा एजंट. दुसरा आलाच नाही आणि टोकन लागलं. मुंजाजी म्हणाला, "काकू, तेवढी सही मारा की." आमच्या शेडमध्ये हे चालतं. कुणाचा साक्षीदार अडकला की शेजारचा उठतो, आत जातो, सही करून येतो आणि राहिलेला चहा पितो. शेजारधर्मच म्हणतो आम्ही त्याला. मीही गेले. छापील मजकूर असतो, की खाली सही करणारे इसम दस्त करून देणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतात. त्याखाली माझा फोटो, माझा अंगठा, माझी सही. सहीच्या आधी शाईचा एक मोठा ठिपका पडलाय. बघणाऱ्याला वाटतं, पेन गळका असेल.

खरी सागरबाई त्या दिवशी तिच्या रानात हरभऱ्याला पाणी देत होती. तिच्या जागी आणलेली ती बाई कोण होती, देव जाणे.

सागरबाई या दिवाळीच्या तोंडावर काविळीनं गेली. मरेपर्यंत तिला पत्ता नव्हता की जमीन आपली राहिली नाही. तिची एकुलती एक लेक रेणुका वारस म्हणून नाव लावायला तलाठ्याकडं गेली, तर सातबाऱ्यावर आईचंच नाव नाही. मामांनी कागद दाखवला आणि रान सोड म्हणून सांगितलं. आईनं सांगितलं तसा हरभरा तिनं पेरलेला, घाटे भरत आलेले. रेणुका कोर्टात गेली; पीक उभं म्हणून तारीख लवकर लागली. दस्तावरच्या फोटोत नुसता पदर दिसतो, अंगठाही पुसट उठलाय. तो एजंट कधीच गाव सोडून गेलाय. उरले मी.

मी 'हो, ओळखत होते' म्हटलं तर दस्त टिकतो आणि ती पोर रानाबाहेर. मी 'नाही' म्हटलं तर खोटी ओळख पटवली म्हणून गुन्हा माझ्यावर, आणि टेबल गेलं ते गेलंच. भावांचे पतंगे वकील काल येऊन मला समजावून गेले. "काकू, दोन शब्द. हो, ओळखते. खोटं कुठं बोलायचंय? लिहिलेलंच तर वाचायचंय!"

आणि आज साडेबाराला ती रेणुका आली. तिशीची असेल, उन्हानं रापलेली, कागदांची पिशवी छातीशी धरून. म्हणाली, "काकू, माझ्या आईला तुम्ही कधी बघितलं होतं का? एवढंच सांगा."

"कोर्टात विचार," मी फटकन बोलले. माझ्या जिभेला हाड नाही. ती वळली. तेव्हापासून कडुलिंबाखालच्या बाकावर बसलीय.

दोन वाजतात. आतून शिपाई ओरडतो, "सर्व्हर डाऊन!" लोक उठतात, इस्माईलभाईंच्या टपरीकडं वळतात. जानेवारीचं ऊन पत्र्यावर तापलंय, खाली गोड ऊब आलीय. मी टेबलावर डोकं टेकते. झोपत नाही, नुसते डोळे मिटते. शेजारी टाइपरायटर वाजायला लागतो. मालकांचा टाइपरायटर मी कधीच भंगारात दिलाय. तरी वाजतोय, ओळ संपली की घंटी देतोय.

"टोकन क्रमांक एक्केचाळीस."

मी उठून आत जाते. कचेरी तीच आहे, पण बाकं लांबच लांब गेलीत, शेवटची भिंतच दिसत नाही. बाकांवर बायका बसल्यात. सगळ्या नव्या साड्यांत, सगळ्यांचे पदर डोळ्यांपर्यंत. एवढ्या बायका, आणि एक बोलत नाही. त्यातली एक उठून माझ्या शेजारी येते. तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास आहे.

"चला बाई. टोकन लागलं आपलं."

"आपलं कसलं? मी लिहिणारी आहे. तुम्ही कोण?"

पदराआड ती हसते. "अगं माय! व्यक्तिशः वळखते म्हून सही केली तुमी, अन् मलाच इच्चारता कोण?"

"सागरबाई?"

"व्हय."

"पण तुम्ही तर गेलात."

"गेले की. म्हून काय झालं? माझ्या नावाचा कागद हितं झाला अन् मी हितं आलेच न्हाई. मंग यावं लागलं. तव्हापासून बसलेय."

फोटोच्या कॅमेऱ्यामागची ऑपरेटरची खुर्ची रिकामी आहे, पण आवाज येतो. "पदर मागं घ्या. चेहरा दिसू द्या."

सागरबाई पदर मागं घेते. त्याखाली आणखी एक पदर आहे. तो मागं घेते, त्याखाली तिसरा. मी मदतीला हात घालते, ओढत राहते. हिरवा, जांभळा, आमसुली, पायाशी लुगड्यांचा ढीग होतो आणि चेहरा काही लागत नाही.

"अहो, तोंड कुठंय तुमचं?"

"दिसंल कसं?" ती शांतपणे म्हणते. "तुमी बघितलंय कुठं?"

"ओळखदार," आवाज म्हणतो, "बाई दिसायला कशी आहे, सांगा."

मी तोंड उघडते. "वय अठ्ठावन्न. धंदा शेती व घरकाम."

"ते तर तुम्ही सगळ्याच बायांचं लिहिता."

खरंय ते. बावीस वर्षं मी प्रत्येक बाईचं हेच लिहीत आलेय. मला रडू यायला लागतं, आणि रडूपेक्षा जास्त राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

सागरबाई माझं मनगट धरते. हात गार आहे, पण पकड शेतात राबणाऱ्या बाईची. "चला. दाखवते."

आम्ही रेकॉर्डच्या खोलीत आहोत. मांडण्यांवर दप्तरं बांधून ठेवलीत, प्रत्येकाला लाल फडकं, वर गाठ. सागरबाई एका गाठीला हात घालते, दातांनी सैल करते. फडकं सुटतं, पसरतं, पसरतच जातं, आणि आता पहाट आहे. गार वारा सुटलाय. नडगीएवढा हरभरा लांबवर उभा आहे आणि ते फडकं त्याच्यावर अंथरलेलं आहे, दवानं जड झालेलं.

"धरा त्या टोकाला," ती म्हणते. आम्ही दोघी फडकं उचलतो, पिळतो. खाली पितळेच्या वाटीत पाणी पडतं.

"आंब हाय ही. हरभऱ्याच्या पानावरची, दवासंगं फडक्यात उतरती. पहाटंच धरावी लागती, ऊन लागलं की गेली. रेणुका बारीक व्हती तव्हा तिचं लई पोट दुखायचं. पाण्यात दोन थेंब दिलं की पोरगी गप." ती वाटी माझ्या तळव्यावर कलती करते. "चाखा."

मी जीभ लावते. एवढं आंबट, की डोळे गच्च मिटतात. उघडते तर पदराखालून हनुवटी दिसतेय. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

"अगं बाई, दिसायला लागलात!"

"आता कुठं तुमी काय बघितलंय." ती उकिडवी बसते आणि मातीत बोटानं लिहायला लागते. सावकाश, जीभ ओठावर धरून. सा, ग, र. काना लांब ओढते. "सही करते मी. चौथीपस्तोर शिकले. बाप म्हणायचा, अंगठा लावलास तर घरात घेणार न्हाई. अन् तुमी लिव्हलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा."

"भाऊ म्हणाले तसं."

"भावाला इच्चारलं. मला इच्चारायचं व्हतं."

"तुम्ही नव्हताच तिथं!"

ती वर बघते. आता डोळेही आलेत, लहान, घारे, उन्हात मिचकावून बारीक झालेले. "मंग कोण व्हतं?"

मी वळून बघते. बांधावर ती बाई उभी आहे. तीच, त्या दिवशीची. नव्या साडीवर दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं. ती नखानं ते खरवडतेय आणि ते निघत नाही.

"तिचं नाव काय?" मी विचारते.

"तुमाला म्हाईत न्हाई?"

"नाही."

"मलाबी न्हाई. तिला कुणी इच्चारलंच न्हाई." सागरबाई हरभऱ्यातलं गवत उपटायला लागते. मेली तरी हाताला उसंत नाही हिच्या. "आणली असंल बिचारीला कुणाच्या तरी मळ्यातून."

मला आता थांबवत नाही. मी तिच्यासमोर मातीत बसते. "सागरबाई, ऐका. खरं बोलले तर माझ्यावर केस होईल. टेबल जाईल माझं. मालकांच्या मागं त्या टेबलावर मी जगलेय. या वयात मी कुठं जाऊ?"

ती गवत उपटतेय, मुळाची माती झटकून बांधावर टाकतेय.

"बोला की काहीतरी! शिव्या तरी द्या."

"मी कशाला शिव्या देऊ? तुमाला तर मी वळखतबी नव्हते." ती एक घाटा खुडते, दाबून बघते. "भरलेत. पंधरा दिवसांत सोंगायला येतील. पोरीनं येकटीनं पेरलंय सगळं."

शिव्या परवडल्या असत्या, खरंच सांगते.

रानाच्या मधोमध बुजगावणं आहे. सदरा घातलेलं, हात पसरलेलं, आणि मडक्याच्या जागी कचेरीतला तो कॅमेरा. त्याचा लाल दिवा लागतो.

"दस्त करून देणार, पुढं या. गोदावरी भ्रतार विश्वंभर बिडवे."

"मी? मी कशाचा दस्त करून देऊ? मी ओळखदार आहे!"

"कॅमेऱ्याकडं बघा. ओळख पटवणारे कोण?"

"अहो, मला काय ओळखायचंय! बावीस वर्षं टेबल आहे माझं इथं!" मी वळते. हरभऱ्यात सगळे उभे आहेत. शिपाई, पतंगे वकील, इस्माईलभाई किटली घेऊन. "इस्माईलभाई, सांगा की यांना!" ते चहा ओततात, कप भरून वाहतो, ते बघत नाहीत. "अहो वकीलसाहेब! काल तर काकू काकू करत होतात!" पतंगे वकील हातातला कागद वाचताहेत. कागद कोरा आहे.

बांधावर स्क्रीन उजळतो. माझा फोटो. माझीच साडी, माझेच खांदे, आणि वर नुसता पदर. मी चेहऱ्यावर हात नेते. हाताला कापड लागतं. ते ओढते, खाली कापड. पुन्हा ओढते. नाक लागत नाही, तोंड लागत नाही. मी ओरडतेय आणि आवाज कापडातच राहतोय.

"ओळख पटवणारं कुणी नाही?" आवाज विचारतो. "मग दस्त पुढं जाणार नाही. बसून राहा."

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी उभं राहतं. "मी वळखते हिला," सागरबाई म्हणते. "व्यक्तिशः."

"कशावरून?"

"माझ्या रानातली आंब चाखलीय हिनं. अन् त्या दिवशी सही करायच्या आधी हिनं पेन टेकवून धरला व्हता. लई वेळ. मनात आलं व्हतं हिच्या, की बाईला पदर मागं घ्यायला सांगावं. ठिपका पडलाय बघा कागदावर."

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. पेन गळका नव्हता. मला वाटलं होतं विचारावं, की बाई, तोंड तरी बघू दे तुझं. पण मागून मुंजाजी म्हणाला, काकू, सर्व्हर जाईल पुन्हा, करा लवकर. आणि मी केली.

सागरबाई कंबरेला हात पुसते, पेन घेते, जीभ ओठावर धरते. सा, ग, र. काना लांब. तिची सही पुरी होते आणि माझ्या तोंडावरचं कापड आपोआप खाली येतं. गार वारा गालांना लागतो. मी तिच्याकडं बघते आणि आता ती सगळी दिसते. कपाळ, डाव्या भुवईत जुन्या जखमेची चीर, तुटका पुढचा दात, हनुवटीवर तीन ठिपके. साधी बाई. बाजारात शेजारून गेली असती तर मी मान वळवली नसती. मला हुंदका आवरत नाही.

"ओळखलं मी तुम्हाला," मी म्हणते. "आता ओळखलं."

"मंग झालं की," ती म्हणते. माझ्या पदराचं टोक हातात घेते, वाटीत बुडवते आणि पिळून माझ्या मुठीत देते. "धरा नीट. सांडू नका."

"सर्व्हर आला! सर्व्हर आला!"

शिपाई दारात ओरडतोय. शेडमधली माणसं कागद सावरत आत पळताहेत. माझ्या गालाला फाइलची नाडी रुतलीय. मोबाइलमध्ये दोन वाजून पस्तीस. टपरीवर इस्माईलभाई मला बघून हात उंचावतात, चहा आणू का म्हणून विचारतात. मला ओळखतात ते. मला एवढं बरं वाटतं, की मी उत्तर द्यायचंच विसरते.

मग लक्षात येतं, माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते. मुठीत पदराचं टोक, पीळ पडलेलं, ओलं. टेबलावर पाण्याची बाटली आहे, पण झाकण बंद आणि टेबल कोरडं. मी खुर्चीवरून हललेली नाही. टोक नाकाशी नेते आणि मग, कुणी बघत नाही असं बघून, जिभेला लावते. डोळे गच्च मिटतात.

"काकू, पावणेतीन होत आले." रेणुका समोर उभी आहे. आवाजात आर्जव नाही आता, नुसता दमलेपणा आहे. "येताय ना?"

मी तिच्याकडं बघते. डोळे तेच, लहान, घारे. मघाशी कसे दिसले नाहीत मला?

"रेणुका, लहानपणी तुझं पोट दुखायचं का गं?"

ती बघतच राहते. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी पदराचं टोक तिच्यापुढं करते. ती आधी मागं सरते, मग वाकते, टोक हातात घेऊन वास घेते. आणि एवढी मोठी बाई, लहान पोरीसारखी जीभ लावून बघते.

"आंब आहे ही," ती म्हणते आणि तिचा आवाज फुटतो. "काकू, ही कुठून आणली तुम्ही? आई गेल्यापासून आमच्याकडं कुणी आंब धरली नाही."

मी ड्रॉवरमधून समन्स काढते. टेबलाला कुलूप लावते. रबरी शिक्के, पेनं, मालकांचा फोटो, सगळं आत राहू दे. किल्ली इस्माईलभाईंच्या हातात देते. ते म्हणतात, "लगेच येताय ना, काकू?"

"माहीत नाही, भाई," मी म्हणते.

वाटेत रेणुका हळूच विचारते, "काय सांगणार आहात?"

"विचारतील, सागरबाईला ओळखता का. त्या दिवशी नव्हते ओळखत, असं सांगणार. तोंडसुद्धा बघितलं नव्हतं मी. खोटी सही केली."

"आणि तुमचं काय होईल?"

"होईल ते होईल. माझी ओळख पटवणारं आहे कुणीतरी."

तिला ते कळत नाही आणि मी समजावत बसत नाही. पतंगे वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे आहेत, मला बघून हसतात, या या म्हणतात. मी पायरी चढते. माझ्या पदराचं टोक रेणुकानं मघाशी हातात घेतलं, ते अजून सोडलेलं नाही. ते अजून ओलं आहे.